पहिलं क्लॅरिनेट कसं निवडावं?

मुलगी शाळेच्या बँडमध्ये निवडली जाते, सर तिच्या हाती शाळेचं क्लॅरिनेट देतात आणि काही महिन्यांनी निरोप येतो, "हात चांगला बसलाय, आता स्वतःचं घ्या." तिथून घरात प्रश्न सुरू होतात. लाकडी घ्यावं की प्लॅस्टिकचं? ऑनलाइन दिसणारं स्वस्त वाद्य आणि दुकानदार दाखवतो ते कित्येक पट महाग वाद्य दिसायला सारखंच आहे, मग फरक कशाचा? शिकाऊ हातासाठी एवढे पैसे घालावेत का? न्यू जर्सीतल्या मराठी घरात मुलाच्या शाळेतून बँडचा फॉर्म येतो, तेव्हा तिथेही हेच प्रश्न पडतात.

बहुतेक पालक म्हणतात, "सध्या स्वस्तातलं घेऊ, वाजवायला लागला की चांगलं घेऊ." हा विचार मला उलटा वाटतो. मुरलेला वादक वाईट वाद्यावरही ओठ आणि श्वास सावरून सूर काढतो, कारण वाद्य कुठे दगा देतं हे त्याच्या लगेच लक्षात येतं. नवशिक्याला ते कळत नाही. सूर फुटला की तो समजतो, चूक माझीच. मग तो ओठ जास्त आवळतो, फुंकर जोरात मारतो, बोटं दाबून धरतो. या सवयी पुढे सोडवताना नाकीनऊ येतात, आणि कित्येक मुलं "मला जमत नाही" म्हणून वाद्य कपाटात ठेवून देतात. म्हणून विद्यार्थ्याच्या वाद्याची माझी कसोटी एकच आहे: चूक झाली तर ती मुलाचीच असली पाहिजे, वाद्याची नाही. पुढचे सगळे मुद्दे याच कसोटीतून येतात.

१. नळीच्या आत काय चालतं

क्लॅरिनेटचे पाच भाग असतात. तोंडाशी माउथपीस, त्याखाली बॅरल नावाचा आखूड तुकडा, मग वरचा जोड, खालचा जोड आणि शेवटी फुलासारखा पसरलेला बेल. जोडल्यावर सगळं मिळून साधारण ६६ सेंटिमीटर भरतं. माउथपीसच्या सपाट बाजूवर एक पातळ रीड, म्हणजे पत्ती, बसवलेली असते. तिला आवळून धरणाऱ्या पट्ट्याला लिगेचर म्हणतात. फुंकर मारली की रीडचं टोक थरथरतं, फट उघडते-मिटते आणि आतला हवेचा स्तंभ कंप पावू लागतो.

आता हेच वाद्य बासरीशेजारी ठेवून पाहू. बासरीच्या नळीची दोन्ही टोकं हवेला मोकळी असतात. क्लॅरिनेटचं रीडकडचं टोक मात्र जवळपास बंद नळीसारखं वागतं. त्याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे तेवढ्याच लांबीत क्लॅरिनेट खूप खाली उतरतं. पाश्चात्त्य फ्लूटही साधारण तेवढाच लांब असतो. त्याचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला सुमारे २६२ कंपनांचा, तर क्लॅरिनेटचा सुमारे १४७ कंपनांचा. त्या खालच्या सुरांतला घुमारा हे या वाद्याचं वैभव आहे.

दुसरा परिणाम विद्यार्थ्याच्या रोजच्या कामाचा आहे. बासरीवर खालचा सा वाजवताना फुंकर बदलली की तीच बोटं ठेवून वरचा सा येतो. सनईही तशीच वागते, कारण तिची नळी वरून खाली रुंदावत जाते. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ सगळीकडे एकाच रुंदीची आहे. तिथे खालचा सा धरून डाव्या अंगठ्याजवळची रजिस्टर चावी दाबली, तर वरचा सा येत नाही. त्याच्याही वरचा, तार सप्तकातला प येतो.

२. सतरा चाव्या कशासाठी

आता थोडा हिशेब. बासरीवर एका सप्तकाचे बारा स्वर भरले की पुढचं सप्तक त्याच बोटांनी येतं. क्लॅरिनेटवर सा पासून वरच्या प पर्यंत जायचं, म्हणजे बारा आणि सात मिळून एकोणीस अर्धस्वर चढायचे. तेवढे सूर वेगवेगळ्या बोटांनी भरल्याशिवाय दुसरा थर सुरूच होत नाही. आपली बोटं दहा, त्यांतला उजवा अंगठा वाद्य पेलण्यात गुंतलेला. म्हणून चाव्यांची गरज पडली.

न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर यांनी १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवलं, तेव्हा त्याला दोन-तीनच चाव्या होत्या. पुढे त्या वाढत गेल्या. पॅरिसमध्ये १८३९ ते १८४३ च्या दरम्यान वादक इयासिंत क्लोझे आणि कारागीर लुई-ऑग्यूस्त बुफे यांनी आज जगभर सर्वाधिक चालणारी रचना बसवली. तिला बोम पद्धत म्हणतात. तिच्यात १७ चाव्या आणि भोकांभोवती बसणाऱ्या ६ कड्या असतात. नळीवर एकूण २४ भोकं. सात भोकं बोटं झाकतात, उरलेली सतरा चाव्यांना चिकटवलेली मऊ पॅड झाकतात.

इथेच स्वस्त वाद्य पकडलं जातं. कुकरची रिंग एकाच जागी जराशी सैल झाली, तर खाली गॅस कितीही मोठा केला तरी वाफ धरत नाही आणि शिट्टी होत नाही. पॅडचंही तसंच आहे. वरच्या जोडावरचं एखादं पॅड केसभर जरी गळत असलं, तरी त्याच्या खालचे सगळे सूर दुबळे होतात. मुलगी खालचा सूर काढू पाहते, तो फुटतो किंवा किंचाळतो, आणि दोष मात्र तिच्या ओठांवर येतो.

चावी कोणत्या धातूची, हेही पाहावं. चांगल्या शिकाऊ वाद्यांच्या चाव्या तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूच्या असतात. बाजारात त्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात. वरून निकेल किंवा चांदीचा मुलामा असतो. अशी चावी वाकली तर सरळ करता येते. अगदी स्वस्त वाद्यांत ठिसूळ, साच्यात ओतलेल्या धातूच्या चाव्या सापडतात. त्या वाकवायला गेलं की तुटतात, आणि तुटलेली चावी वेगळी विकत मिळत नाही. ज्या वाद्याची दुरुस्ती होऊ शकत नाही ते कितीही स्वस्त मिळालं तरी महागच.

३. लाकूड की प्लॅस्टिक

दुकानात सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत कमी महत्त्वाचा प्रश्न हा आहे.

मोठे वादक वापरतात ती वाद्यं बहुधा ग्रेनाडिला या आफ्रिकी लाकडाची असतात. टांझानिया आणि मोझांबिकमधून येणारं हे झाड आपल्या शिसवाच्याच कुळातलं. लाकूड इतकं घट्ट की पाण्यात टाकलं तर बुडतं. त्यात अचूक भोकं पाडता येतात, कडा तीक्ष्ण राहतात. शिकाऊ वाद्यं बहुतेक एबीएस नावाच्या कणखर प्लॅस्टिकची असतात.

प्लॅस्टिकचा आवाज हलका आणि लाकडाचा गोड, असं सर्रास सांगितलं जातं. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ जॉन बॅकस यांनी १९६० च्या दशकात नेमकं हेच तपासलं. नळीच्या भिंतीच्या कंपनांचा ऐकू येणाऱ्या आवाजात वाटा नगण्य आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. आवाज ठरतो तो आतल्या पोकळीच्या मापावर, भोकांच्या जागा आणि कडा यांवर, माउथपीस आणि रीडवर, आणि अर्थात वाजवणाऱ्यावर. महागडी लाकडी वाद्यं सुरेल असतात कारण त्यांची पोकळी जिवापाड कोरलेली असते. तेच कष्ट प्लॅस्टिकवर घेतले तर प्लॅस्टिकही चांगलं वाजतं. बुफे क्रँपाँ या वाद्यकंपनीने पुढे लाकडाचा भुगा आणि कार्बनचे तंतू मिसळून व्यावसायिक दर्जाची वाद्यं काढली.

आपल्या हवेत तर पहिल्या वाद्यासाठी लाकूड घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. लाकडी नळीत आतून ओलसर, गरम श्वास जातो आणि बाहेरून खोलीची हवा लागते. हा फरक मोठा झाला की वरच्या जोडाला चीर जाऊ शकते. नवं लाकडी वाद्य पहिले काही आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटंच वाजवायचं, लगेच पुसायचं, असा नेम पाळावा लागतो. कोकणातल्या पावसाळ्यात जोड फुगून एकमेकांत अडकतात, तर नागपूरच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून धातूच्या कड्या सैल होतात. दहा वर्षांच्या मुलाकडून हे सगळं सांभाळण्याची अपेक्षा करणं बरोबर नाही. त्याला वाद्य स्कूलबसमध्ये न्यायचंय, मैदानात संचलन करत वाजवायचंय.

यामाहाचं वायसीएल-२५५ किंवा बुफे क्रँपाँचं प्रोडीज ही नावं शिक्षक सारखी घेतात, ती यामुळेच. दोन्ही एबीएसची आहेत, दोन्हींचे सुटे भाग मिळतात आणि एका नगात-दुसऱ्या नगात फारसा फरक सापडत नाही. बुफेचं ई-११ हे त्यापुढच्या पायरीवरचं लाकडी वाद्य. १९५५ मध्ये आलेलं त्याच कंपनीचं आर-१३ आजही अनेक व्यावसायिक वादकांच्या हातात दिसतं. पण ते पहिल्या वर्षी घेण्याचं वाद्य नाही.

४. काळी पाचचं वाद्य

दुकानात गेलात की "बी-फ्लॅट" असा शब्द कानावर पडेल. पेटी ओळखणाऱ्याला तो एका वाक्यात समजतो. या क्लॅरिनेटवर वादक ज्याला "सी" म्हणून वाजवतो, तो प्रत्यक्षात काळी पाचचा सूर असतो. म्हणजे लिहिलेल्या सुरापेक्षा वाजणारा सूर एका पूर्ण स्वराने खाली.

समजा घरात कुणी पेटीवर पांढरी एक सा धरून भजन म्हणतंय आणि मुलीला साथ करायची आहे. तिने "सी" वाजवला तर बेसूर होईल. तिला "डी" पासून सुरुवात करावी लागेल. गाणाऱ्याची पट्टी काळी पाच असेल तर मात्र तिची "सी" ची बोटं थेट सा वर बसतात. हा हिशेब पहिल्याच महिन्यात समजावून दिला, तर "माझं क्लॅरिनेट पेटीशी जुळत नाही" ही तक्रार उरत नाही आणि चांगलं वाद्य उगाच बदनाम होत नाही.

विद्यार्थ्याने बी-फ्लॅटच घ्यावं. पांढरी सहाचं "ए" क्लॅरिनेट सिंफनी वाद्यवृंदात लागतं, मोझार्टचा १७९१ चा क्लॅरिनेट कंचेर्टोही त्यावरच वाजवतात, पण ते पुढचं आहे. काळी दोनचं छोटं "ई-फ्लॅट" मुलाच्या हातात छान मावतं म्हणून घेतलं जातं. तसं करू नका. त्याचं माउथपीस लहान, ओठांची पकड वेगळी आणि ते सुरात ठेवणं जाणत्यालाही अवघड. बोटं भोकांवर पुरेशी बसत नसतील तर वर्षभर थांबावं. वरचे पुढचे कायमचे दात आलेले असावेत, कारण ते माउथपीसवर टेकतात. साधारण नऊ-दहाव्या वर्षी हे जुळून येतं. वाद्याचा पाऊण किलोहून अधिक भार एकट्या उजव्या अंगठ्यावर येतो, म्हणून अंगठ्याखालचा आधार वर-खाली सरकवता येतो का आणि गळपट्टा अडकवायला कडी आहे का, तेही पाहून घ्यावं.

५. माउथपीस आणि रीड

घराघरात सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते इथे, आणि कमी पैशांत सर्वांत मोठा फरकही इथेच पडतो.

माउथपीस उजेडात आडवं धरून पाहा. टोकाशी जी फट दिसते ती साधारण एक ते सव्वा मिलीमीटरची असते. फट जास्त असली की रीड हलवायला ओठांची ताकद जास्त लागते. जाझ वाजवणाऱ्याला ती मोकळीक हवी असते, नवशिक्याला ती थकवते. रीड जिथे टेकते त्या दोन्ही कडा सारख्या आणि गुळगुळीत हव्यात. नखाला जाणवेल एवढा खड्डा जरी असला तरी वाद्य किंचाळतं, आणि त्यावर कोणताही रियाज चालत नाही. स्वस्त वाद्याबरोबर येणारी माउथपीस बहुधा साच्यातून काढून तशीच दिलेली असतात. शिक्षक सुरुवातीला यामाहाचं ४सी सुचवतात, पुढे व्हँडोरेनचं ५आरव्ही लायर किंवा बी४५. चांगली माउथपीस एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची असतात. ती गरम पाण्याने धुऊ नयेत. रंग जातो, कधी आकारही बिघडतो.

रीड बनते बोरूच्या जातीच्या एका उंच, पोकळ गवतापासून. फ्रान्सच्या दक्षिणेला व्हार प्रांतात त्याची शेती होते. १९०५ पासून रीड बनवणारी व्हँडोरेन कंपनी तिथलंच गवत वापरते. खोक्यावर दीड, दोन, अडीच असे नंबर असतात. नंबर जितका मोठा तितकी रीड कडक. जाडीचा त्याच्याशी थेट संबंध नाही, आणि दोन कंपन्यांचे सारखे नंबर सारखे वाजतीलच असं नाही.

दोन किंवा अडीच नंबरने सुरुवात करावी. कडक रीड म्हणजे मोठा वादक, असा समज मुलांमध्ये पटकन पसरतो, तो वेळीच खोडून काढावा. सूर काढताना नुसती हवा जास्त ऐकू येत असेल तर रीड कडक आहे. आवाज चिरका येत असेल आणि वरचे सूर खाली घसरत असतील तर मऊ आहे. एका खोक्यात सहसा दहा रीड असतात. त्यांतल्या तीन-चार आलटून पालटून वापराव्यात, म्हणजे प्रत्येकीला सुकायला वेळ मिळतो. टोकाला चीर दिसली की रीड फेकून द्यायची. दुरुस्तीचा प्रयत्न करू नये.

हाती शंभर रुपये आहेत असं धरलं, तर माझी वाटणी अशी असते: ऐंशी वाद्याला, बारा माउथपीस आणि रीडला, आठ पॅड-चाव्यांच्या पहिल्या जुळणीला. शंभरचे शंभर वाद्यावर घालून खोक्यातल्या माउथपीसवर मुलीला वर्षभर झगडायला लावण्यापेक्षा हे फार बरं.

६. दुकानात उभं राहून काय तपासायचं

वाजवता न येणाऱ्या पालकालाही अर्ध्या तासात बरंच कळू शकतं. घाई करू नका, आणि चांगला दुकानदार तपासू देतो.

आधी जोड वेगळे ठेवा. वरचा जोड डाव्या हातात घ्या. पुढची तीन भोकं तीन बोटांनी आणि मागचं अंगठ्याने झाका. उजव्या तळहाताने खालचं तोंड बंद करा. वरच्या तोंडाला ओठ लावून हवा आत ओढा आणि जीभ लावून धरा. वाद्य बंदिस्त असेल तर ती ओढ काही सेकंद टिकते आणि तळहात काढताच बारीकसा "टप्" आवाज होतो. ओढ लगेच सुटत असेल तर कुठलं तरी पॅड गळतंय. खालच्या जोडाला हीच तपासणी करताना तीन भोकांबरोबर उजव्या करंगळीची सर्वांत खालचा सूर देणारी चावी दाबून धरावी लागते, कारण त्या बाजूची मोठी पॅड एरवी उघडीच असतात.

गळती नेमकी कुठली हे शोधायला पतंगाचा कागद उत्तम. बोटाहून अरुंद पट्टी कापा, पॅडखाली सरकवा, चावी तिच्या नेहमीच्या जोराने मिटू द्या आणि पट्टी हळूच ओढा. थोडा अडसर जाणवला पाहिजे. पॅडच्या चारही बाजूंनी असं करून पाहा. तीन बाजूंनी अडली आणि एका बाजूने सुळकन निघाली, तर पॅड तिरकं बसलंय. नव्या वाद्यातही हे सापडतं, आणि ते दुरुस्त होतं. दुकानदाराने ते करून द्यायला हवं.

मग चाव्या बोटांत धरून आडव्या हलवा. थोडी सैल चालते, खडखडाट नको. प्रत्येक चावी सोडल्यावर झटकन जागेवर येते का ते पाहा. नळी उजेडाकडे धरून आत डोकावा. पोकळी गुळगुळीत दिसली पाहिजे, भोकांच्या आत ओरखडे किंवा प्लॅस्टिकचे लोंबणारे तुकडे नकोत. दोन्ही जोड मिळतात तिथे एक पूल-चावी असते, तिची वरची आणि खालची पट्टी बरोबर एकावर एक बसायला हवी. पूल वाकलेला असेल तर वाद्य आधी कुणीतरी चुकीच्या जागी धरून जोडलंय.

यानंतर वाजवून पाहणं आलंच, आणि ते वाजवणाऱ्यानेच करावं. मुलीच्या सरांना सोबत न्या. ते मिळाले नाहीत तर गावातल्या जुन्या बँडमधला, पोलीस बँडमधून निवृत्त झालेला किंवा गोव्यात चर्चच्या शाळेत शिकलेला एखादा क्लॅरिनेटवादक शोधा. अशी माणसं हौसेने येतात. फोनवर ट्यूनरचं ॲप लावा. त्यात सेंट हे माप दिसतं. एका अर्धस्वराचे शंभर सेंट. वादकाला आधी पाच मिनिटं वाद्य तापवू द्या, कारण थंड नळी खाली वाजते. मग खालच्या थरातला एक सूर आणि रजिस्टर चावी दाबून त्याच बोटांचा वरचा सूर, अशा जोड्या वाजवून घ्या. दोन्ही सूर काट्याजवळ हवेत. पाच-दहा सेंटचा फरक ओठ सावरतात, वीस-पंचवीसचा झाला तर वाद्य सोडून द्या.

काही उणिवा मात्र चांगल्या वाद्यातही असतात, आणि त्यापायी वाद्य नाकारू नये. अगदी खालचे एक-दोन सूर मोठ्याने वाजवले की थोडे उतरतात. दोन थरांच्या सीमेवरचा बी-फ्लॅट किरकिरा येतो, कारण रजिस्टरचं एकच छोटं भोक दोन वेगळी कामं करतं. महागड्या वाद्यावरही हा सूर कमवावाच लागतो.

बॅरलही पाहून घ्यावा. तो सरकवून पट्टी थोडी बदलता येते. हवा गरम झाली की तिच्यातून आवाज वेगाने जातो आणि सूर चढतो. नळीतली सगळी हवा १० अंशांनी तापली तर सूर सुमारे तीस सेंट वर जाईल. श्वासाने नळी आधीच उबदार असते म्हणून प्रत्यक्षात फरक त्याहून कमी पडतो, पण मे महिन्याच्या दुपारी पेटीबरोबर बसताना तो कानाला कळतो. तेव्हा बॅरल जरासा बाहेर ओढायचा. म्हणून तो घट्ट पण सरकणारा असावा.

७. नवं, जुनं, भाड्याचं

अमेरिकेत शाळेच्या बँडसाठी वाद्य भाड्याने मिळतं, हप्ते भरत ते आपलंही होतं आणि दुरुस्ती बहुधा भाड्यातच धरलेली असते. तिथल्या मराठी पालकांनी पहिल्या वर्षी हाच रस्ता धरावा. आपल्याकडे ही सोय सहज मिळत नाही, म्हणून जुन्या वाद्याचा विचार जरूर करावा. नावाजलेल्या कंपनीचं पाच-सात वर्षं वापरलेलं, नवी पॅड बसवलेलं प्लॅस्टिकचं वाद्य हे अनोळखी नावाच्या कोऱ्या वाद्यापेक्षा केव्हाही सरस.

जुन्या बाजारातल्या देखण्या काळ्या लाकडी क्लॅरिनेटचा मोह मात्र आवरा. त्यांत दोन अडचणी दडलेल्या असतात. एक, रचना बोमच्या आधीची, तेरा-चौदा चाव्यांची असते. शाळेत शिकवतात ती बोटं तिच्यावर चालत नाहीत. दोन, ब्रिटिश लष्करी बँड पूर्वी आजच्यापेक्षा बऱ्याच चढ्या पट्टीत वाजवत, आणि शंभरेक वर्षांपूर्वीच्या काही वाद्यांवर "एचपी" असा शिक्का दिसतो. तो त्या चढ्या पट्टीचा. असं वाद्य आजच्या पेटीशी कधीच जुळणार नाही, बॅरल कितीही ओढला तरी.

मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या बनतात आणि लग्नाच्या बँडना ती पुरतात. मोकळ्या रस्त्यावर, ढोल-ट्रंपेटच्या सोबतीने वाजवण्यासाठी ती ठीक आहेत. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला सुराची बारकाई लागते, तिथे मी ती सुचवणार नाही.

८. रागदारी शिकायची असेल तर

वरचं सगळं पाश्चात्त्य पद्धतीने शिकणाऱ्याला लागू आहे. रागसंगीत वाजवायचं असेल तर वाद्य घेण्याआधी गुरू ठरवावा. तिरुचिरापल्लीच्या ए. के. सी. नटराजन यांनी हे वाद्य कर्नाटक संगीतात मानाच्या जागी नेलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. रायचूरचे नरसिंहलू वडवाटी हिंदुस्तानी रागदारी क्लॅरिनेटवर वाजवतात. मींड आणि आंदोलन काढायला बोट भोकावरून हळूहळू सरकवावं लागतं. कड्यांची गर्दी नसलेल्या जुन्या रचनेवर ते सोपं जातं, म्हणून शाळेच्या दृष्टीने निरुपयोगी ठरलेलं तेरा चाव्यांचं वाद्य इथे कामाचं ठरू शकतं. बोमवरही मींड निघते. गर्श्विनच्या १९२४ च्या "ऱ्हॅप्सडी इन ब्लू"ची सुरुवात अशाच एका लांबलचक चढत्या घसीटीने होते. पण त्यात ओठ आणि घसा यांचं काम मोठं आहे. गुरू जी रचना वाजवतात तीच घ्यावी.

९. घेतल्यानंतर

वाजवून झालं की रीड काढून पुसायची आणि हवा खेळेल अशा डबीत ठेवायची. नळीतून सुती फडकं ओढून घ्यायचं. जोडांच्या बुचावर अधूनमधून कॉर्क ग्रीस लावायचं. खोबरेल किंवा मशीनचं तेल नको. पावसाळ्यात पेटी बंद कपाटात आठवडेच्या आठवडे ठेवली तर पॅडवर बुरशी धरते आणि त्यातली लोकर कसर खाते. त्यामुळे सुट्टीतही दोन-तीन दिवसांनी वाद्य बाहेर काढून थोडं वाजवावं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर उपयोग होतो.

पॅड, बुच आणि स्प्रिंगा झिजणारच. नियमित वाजणाऱ्या वाद्याला वर्षातून एकदा जाणत्या हाताची गरज पडते, आणि असे हात आपल्याकडे मोठ्या शहरांबाहेर कमी आहेत. म्हणून पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला एवढं जरूर विचारा: याची पॅड कोण बदलून देतं, किती दिवसांत, आणि सुटे भाग तुमच्याकडे आहेत का? नीट उत्तर मिळालं नाही तर त्या दुकानातून वाद्य घेऊ नका.